सरांची साठ लिटरची बॅग

पाठीवर अडकवायची ती साठ लिटरची बॅग शांतलिंग सरांनी जरा ऊन दाखवावं म्हणून दारातल्या कट्ट्यावर ठेवली, तिथंच चुकलं. मुरुम गावात रिकामी पिशवी चारचौघांना दिसेल अशी ठेवायची नसते.

सर कॉलेजात भूगोल शिकवत. सह्याद्रीतले घाट आणि खिंडी ते फळ्यावर झोपेतसुद्धा काढत. गेल्या महिन्यात अकरावीतल्या एका मुलीनं सहज विचारलं, "सर, तुम्ही कधी चढलाव का ह्याच्यावर?" सरांनी खडू खाली ठेवला. इतकी वर्षं आपण ज्याची उंची सांगत आलो, त्याच्याशी आपली साधी तोंडओळखही नाही, हे त्यांना फार लागलं. त्यांनी पुण्याच्या एका ट्रेकिंग ग्रुपात नाव घातलं. दोन दिवस डोंगर, तंबूत मुक्काम. बॅग आली, चटई आली, रेनकोट आला, घोटा धरून ठेवणारे बूट आले.

"साठ लिटर म्हंजे रं?" त्यांच्या आई इरम्मा बॅगेला एक फेरी मारून म्हणाल्या.

"म्हंजे तेवढं सामान मावतं, अव्वा."

"मग करडीच्या तेलाचा क्यान ह्यात कुठल्या कुठं जाईल. दीपालीला दे. पुण्याचं तेल सोसत न्हाय तिला." दीपाली म्हणजे सरांची भाची.

"अव्वा, मी पुण्याला न्हाय, डोंगरावर चाललोय."

"गाडी पुण्यावरनंच जाती न्हवं?"

भूगोलही तेच म्हणत होता. क्यान आत बसेना, म्हणून चटई बाहेर आली. "खाली गवत असंल की," सरांची बायको महेश्वरी म्हणाली आणि चटई घडी घालून कपाटात ठेवूनही आली.

तोवर शेजारचे डाळवाले हणमंतप्पा डबा घेऊन हजर. "सर, तुमी कुठं चाललाव, कशाला चाललाव, म्या इचारत न्हाय. पण पोरगं पुण्यात हाय. तिथली डाळ शिजतच न्हाय म्हणतंय."

"अण्णा, वजन लई होतंय हो."

"तुमी कुठं हातात धरणार हाव? पाठीला तर अडकवायचं."

रेनकोट बाहेर आला. मग समोरच्या सिद्धम्मा आल्या. पुण्यातल्या बहिणीसाठी शेंगाची चटणी आणि कडक भाकऱ्या. "ह्याच्यावर काय ठिवू नका सर, मोडत्यात," असं बजावून त्या गेल्या. त्यामुळं सरांचं जे काही वर होतं, ते सगळं निघालं. बूट पायात होते म्हणून वाचले. शेवटी बॅगेत सरांच्या मालकीची एक शिट्टी तेवढी उरली. संकटात मदत मागायला ती वाजवायची असते. सरांनी ती तिथंच वाजवायला हवी होती.

पुण्यात दीपाली, अण्णांचा मुलगा आणि सिद्धम्मांची बहीण तिघंही आपापलं सामान घ्यायला स्टँडवर येणार होते. तिघंही आले नाहीत. "मामा, माझी मीटिंग आहे, तुम्हीच या ना," दीपाली फोनवर म्हणाली. "रिक्षा अगदी दारात येते. लिफ्ट तेवढी बंद आहे." ट्रेकवाल्यांचा फोन आला तेव्हा सर तिच्या जिन्यात होते, आणि त्यांना धाप अशी लागली होती, की हे पुढं जाऊन चढायलाही लागले, असं समजून ट्रेकवाल्यानं गाडी सोडली.

उरलेल्या दोन्ही घरांचे जिने सर सावकाश चढले. आता घाई कसली? शिवाय कुणाचाही डबा रिकामा परत द्यायचा नसतो, ही रीत पुण्यात जाऊनही कुणी विसरलं नव्हतं. डाळीच्या डब्यात लाडू आले, चटणीच्या डब्यात साखर, आणि तेलाच्या जागी दीपालीचा बंद पडलेला मिक्सर. "मुरुमला चांगला दुरुस्त होतो, मामा." परतताना बॅग जातानापेक्षा जड होती. गल्लीचं म्हणणं पडलं, की सरांचा हा नवा छंद लई चांगला आहे.

मुलीनं विचारलेलं मात्र तसंच राहिलं होतं. सरांनी दिवाळीनंतरच्या ट्रेकला पुन्हा नाव घातलं आणि या खेपेला शहाणपण केलं. बॅग दार लावून भरली. चटई आत, रेनकोट आत. घरातही काही सांगितलं नाही. कुणी विचारलंच, तर पुण्याच्या अगदी उलट दिशेचं गाव सांगायचं, असं मनाशी पक्कं केलं.

कोपऱ्यावर हणमंतप्पा दुकान उघडत होते. "सर, कुठं?"

"कलबुर्गीला, अण्णा. जरा काम आहे."

हणमंतप्पांनी फळी होती तिथंच ठेवली. "लई बरं झालं. धाकटी तिथंच दिलीय आमची. थांबा, डाळ काढतो." मग गल्लीत तोंड करून म्हणाले, "इरम्मा, सर कलबुर्गीला निघालेत."

"मला बोलला न्हाय," घरातून आवाज आला. "माझं माहेर हाय तिथं. क्यान भरते."

अण्णांनी प्रेमानं बॅग स्वतः उचलली, स्टँडपर्यंत नेली आणि सरांना कलबुर्गीच्या गाडीत खिडकीशी बसवूनच दिलं. चटई अण्णांच्या काखेत राहिली.

"ही घरी देतो," ते खालून म्हणाले. "तिथं गाद्या हायेत."

गाडी हलली. बाहेर दख्खनचं पठार पसरलं होतं. काळं, सपाट, नजर पोचेल तिथवर एक टेकाड नाही. सरांनी मांडीवरचा डाळीचा डबा सावरला आणि बुटांच्या नाड्या सैल केल्या. सह्याद्री अजून पाहायचाच होता. पठाराचा धडा निदान पाहून शिकवता येणार होता.