कपाटातलं पातं

आमच्या वीजकेंद्रात दोन नियम आहेत. गॅस टर्बाइनची पाती दरवर्षी तपासावीत, हा पहिला. तपासणीसाठी टर्बाइन बंद ठेवू नये, हा दुसरा. दोन्ही वरून आलेले, म्हणजे दोन्ही बरोबरच. तेव्हा केंद्रप्रमुख या नात्याने मी सुवर्णमध्य साधला. पात्यांना संरक्षक लेप दिला त्याच दिवशी एका जादा पात्यालाही दिला होता. ते नमुन्याचं पातं माझ्या केबिनमधल्या काचेच्या कपाटात मखमलीवर ठेवलं. दरवर्षी आम्ही तेच तपासतो. अकरा वर्षं शेरा एकच: ‘लेप उत्तम.’

मग एक तपासनीस बदलून आले. खिशात कायम भिंग, म्हणून सगळे त्यांना भिंगवाले म्हणत. माणूस सरळ, आणि सरळ माणसाइतका ताप ऑफिसात दुसरा नाही. हवेची गाळणी बदलायला टर्बाइन दोन दिवस बंद होतं, तेवढ्यात या गृहस्थांनी नळीची दुर्बीण आत घालून खरी पाती पाहिली. समुद्राची खारी हवा आणि इंधनातलं गंधक मिळून तापल्या पात्यावर वितळून बसतात. आधी लेप खातात, मग धातू. पात्यांवर हिरवट खपल्या धरल्यात, एखादं कधीही तुटेल, असा अहवाल त्यांनी फोटोंसह दिला. आधी आम्हाला विचारलं होतं का?

अहवाल नमुन्याशी जुळत नव्हता. समिती नेमणं भाग पडलं. समितीने हातमोजे घालून कपाटातलं पातं पाहिलं. ते ठणठणीत होतं. म्हणजे दोष बघणाऱ्यात. भिंगवाल्यांचे डोळे तपासले, तर ते चांगले निघाले. भिंग तपासायला पाठवलं, तेही निर्दोष परतलं. आता उरलं फक्त टर्बाइन. ‘आपण मंजूर नमुन्याप्रमाणे का वागत नाही, याचा सात दिवसांत खुलासा करावा,’ अशी नोटीस त्याच्या अंगावर चिकटवली. ती उष्णतेने करपून गेली. ‘नोटीस पोहोचली’ अशी नोंद आम्ही केली.

बुधवारी भिंगवाले केबिनमध्ये आले. त्यांची मुलगी त्याच टर्बाइनवर ऑपरेटर होती आणि तिची खुर्ची यंत्रापासून चार पावलांवर.

“साहेब, मशीन बंद करू नका, माझं काही म्हणणं नाही,” ते म्हणाले. “पण पोरीची खुर्ची तेवढी दाराकडे सरकवा. हात जोडतो.”

मीही मुलीचा बाप आहे. खोटं कशाला सांगू, मला गलबलून आलं. पण खुर्ची सरकवणं म्हणजे धोका आहे असं लेखी कबूल करणं. शेवटी माझ्या अधिकारात होतं तेवढं केलं. गुरुवारी सकाळी त्या खुर्चीला उत्तम प्रतीच्या राखाडी रंगाचे दोन हात मारून घेतले. लेपावर आमचा पहिल्यापासून विश्वास.

त्याच दुपारी सव्वातीनला पातं तुटलं. टर्बाइनचं पोलादी कवच फाडून तुकडा खुर्चीच्या पाठीतून आरपार गेला आणि समोरच्या भिंतीत रुतला. खुर्चीत कोणी नव्हतं. रंग ओला होता, म्हणून मुलगी दाराजवळच्या पायरीवर बसून आकडे लिहीत होती.

चौकशी झाली. कपाटातलं पातं शाबूत आढळल्याने पातं तुटल्याचं सिद्ध होऊ शकलं नाही. संरक्षक लेपामुळे एका कर्मचाऱ्याचा जीव वाचला, हे मात्र पुराव्यानिशी सिद्ध झालं, आणि त्याबद्दल माझा सत्कार ठरला. सत्काराला ती मुलगी आली. हातात फुलं नव्हती. भिंतीतून उपसून काढलेला तुकडा तिने माझ्यासमोर ठेवला.

“हे तपासा, साहेब,” ती म्हणाली.

नमुन्यांच्या रजिस्टरात नोंद नसल्याने तो तपासता आला नाही. दुसऱ्या दिवशी बाप आणि लेक, दोघांनीही राजीनामे दिले.

तुमच्याकडची वीज चार दिवस गेली होती, ती तेव्हाच. पाचव्या दिवशी आली आणि तुम्ही पंखा लावून झोपलात. का गेली होती, हे विचारणारं एकही पत्र आमच्याकडे नाही. असो. रिकाम्या जागेची जाहिरात दिली, चारशे अर्ज आले. त्यात तुमच्या मुलीचा अर्ज आहे आणि सोबत तुम्ही ओळखीतून आणलेली चिठ्ठीही. काळजी नसावी, तिचंच नाव लावलंय. जागा तीच, खुर्चीही तीच. पाठीचं भोक बुजवून घेतलंय. आणि रंग आता पक्का वाळलाय.