उशिरा आलेलं डाँग

यंत्र कधी खोटं बोलत नाही, हा रिलेकाकांचा चाळीस वर्षांच्या नोकरीतून आलेला सिद्धांत होता. गेले आठ दिवस मात्र त्यांच्याच घरची घंटी वाक्य अर्धवट सोडून गप्प बसत होती.

टेलिफोन एक्स्चेंजमध्ये हजारो रिले, म्हणजे विजेने उघडमीट करणारे खटके, पत्र्यावर गारा पडाव्यात तसे वाजत, आणि त्यातला आजारी कुठला हे काका नुसत्या कानाने सांगत. पुढे ते एक्स्चेंज भंगारात गेलं. त्या दिवसांतली उरली ती एवढी घंटी. काकांनी स्वतः बनवलेली. बटण दाबलं की तारेच्या गुंडाळीतली लोखंडी कांडी उसळून एका पट्टीवर आपटायची: डिंग. बोट काढलं की स्प्रिंग तिला दुसऱ्या पट्टीवर ढकलायची: डाँग. काका ड्यूटीवरून आले की त्या दोन सुरांवर पोरं दाराकडे धावायची.

आता पेपरवाला सकाळी सहाला 'डिंग' करून जाई आणि 'डाँग' अकराला येई. काका लगबगीने दार उघडत. बाहेर चिटपाखरूही नसे.

"बाबा, रविवारपर्यंत बघा. नाहीतर छत्तीस ट्यूनची नवी आणलीय, ती लावते," सूनबाई म्हणाली.

"छत्तीस कशाला? घंटीला दोन शब्द पुरतात."

"तुमची सध्या एकावरच भागवतेय."

काकांनी कंबर कसली. स्प्रिंग बदलली, गुंडाळी नव्याने गुंडाळली, स्वयंपाकघराचा चिकटा बसतो म्हणत कांडी पुसली. दुपारी टेबलावर घंटी खणखणीत बोले. सकाळी भिंतीवर पुन्हा मिठाची गुळणी.

रविवारी सकाळी काकूंसकट सगळे शाली पांघरून दारापाशी जमले. सूनबाईने बटण दाबून सोडलं. डिंग. मग सगळे नुसते उभे. हातातले चहा निवले.

"राहू दे," म्हणत काकांनी स्वतःच्या हाताने स्क्रू सोडले आणि घंटी खिडकीत ठेवली. तिथे ऊन येत होतं. नवी घंटी गात सुटली.

अकरा वाजता खिडकीतून, एकही वायर जोडलेली नसताना, स्वच्छ आवाज आला: डाँग.

काका खिडकीकडे धावले. "निरोप घेतेय गं," ते काकूंना म्हणाले.

"कसला निरोप? तेल पातळ झालं असेल."

"कुठलं तेल?"

"माझं, डोक्याचं. करकरायची ना ती? तुम्ही भिंतीवर बसवलीत की मी रोज दोन थेंब सोडायचे."

"मग मला सांगायचं नाही?"

"कधी सांगणार? तुम्ही आठ दिवस फक्त घंटीशी बोलत होतात."

खोबरेल तेल थंडीत गोठतं.