नानांची मालवणला जायची फाईल

आमच्या वरच्या मजल्यावरचे नाना सबनीस दिवाळीपासून मालवणला निघालेत आणि अजून करोल बागेतच आहेत. कारण फाईल पुरी झालेली नाही. थट्टा नाही, खरीच फाईल आहे. बदामी पुठ्ठा, लाल नाडी आणि वर ठळक अक्षरांत, 'विषय: सहकुटुंब समुद्रदर्शन, मालवण.'

नानांनी सरकारी कचेरीत छत्तीस वर्षं फायलीच हलवल्या. निवृत्त झाले तरी हात थांबत नाहीत. बसले की पाय हलतो. उभे राहिले की फाईलची नाडी सोडतात, पुन्हा बांधतात. जिन्यात भेटले तरी फाईल बगलेत. घरात कुणी नुसतं "हो, जाऊ या" म्हटलं तर त्यांना पटत नाही.

"तोंडी नको. कागदावर येऊ दे."

सबनीस काकूंनी पहिल्या पानावर लिहिलं, 'मला गुडघे आहेत. वाळूत जास्त चालणार नाही.' त्याखाली नानांचा शेरा, 'गुडघे सर्वांनाच आहेत. नेमकी अडचण स्पष्ट करावी.' काकू दोन दिवस त्यांच्याशी बोलल्या नाहीत. मुलीकडच्या नातीने लिहिलं, 'मुझे डॉल्फिन देखनी है, पक्का!' त्यावर शेरा, 'मराठीत सादर करावे.' तिने खाली डॉल्फिनचं चित्रच काढून ठेवलं. ते मात्र नानांनी तिथल्या तिथे मंजूर केलं.

माझं माहेर मालवणजवळचं, हे त्यांना कुठून तरी कळलं आणि एका सकाळी ते फाईल घेऊन माझ्या स्वयंपाकघराच्या दारात उभे राहिले.

"वहिनी, तुमचा अभिप्राय हवा."

मला घामच फुटला. हाताला कणीक तशीच. "नाना, मी चौथी शिकलेली. मी काय लिहिणार?"

"समुद्र पाहिलाय ना? आमच्या सेक्शनात सगळे बीए. कुणीच काही पाहिलेलं नसायचं, तरी लिहायचेच की."

कागदावर प्रश्न होता, 'समुद्र किती खोल आहे?' मी हात धुतले, पुष्कळ विचार केला आणि लिहिलं, 'कुठे उभे राहता त्यावर.'

नानांनी ते दोनदा वाचलं. "बिल्कुल! मोघम आहे आणि खरंही आहे. तुम्ही सेक्रेटरी व्हायला हव्या होतात." मी आत पळाले. पण त्या दिवशी पोळ्या जरा बऱ्या फुगल्या.

राहता राहिला मंदार, त्यांचा मुलगा. तो नोएडात राहतो, सेक्टर बासष्टला एका कंपनीत आहे. तो फोनवर म्हणायचा, "नाना, फोटो पाठवा ना पानाचा, मी ओके लिहितो." नाना म्हणायचे, "दर नव्या मुद्द्याला शाईची सही लागते." मग निघायचे मेट्रोने. यमुना बँक स्टेशनला लाइनीला दोन फाटे फुटतात, एक नोएडाचा, एक वैशालीचा. नाना फाईलमध्ये डोकं घालून बसायचे आणि दोनदा वैशालीला जाऊन आले. म्हणून होळी झाल्यावर काकूंनी मला गाठलं.

"तू जा गं या वेळी यांच्याबरोबर. आणि आज शेवटची सही घेऊनच या. गाडीचं बुकिंग उघडलंय. चार दिवस गेले की मेची तिकिटं मिळायची नाहीत."

"पण तुमचे गुडघे?"

"खड्ड्यात गेले गुडघे! दिल्लीत जन्म गेला माझा. समुद्र एकदाही पाहिला नाही. या फायलीपायी तसाच राहील."

मंदार कंपनीच्या गेटवर खाली आला. गळ्यात कार्ड, कानात फोनची बोंडं. समोरच्या टपरीवर आम्ही चहा घेतला. त्याने उभ्या उभ्या सही केली. "झालं ना? चलो, आता तिकिटं काढा."

"एक मुद्दा आहे," नाना म्हणाले. "वरच्या बर्थवर कोण?"

"मी."

"लिही तसं. आणि खिडकीशी?"

मंदार हसत लिहायला लागला. नाना कागदाकडे बघतच नव्हते. त्यांनी त्याची कॉलर सरळ केली. "केस पिकले रे तुझे. झोप होते का?"

"होते हो, नाना." त्याने घड्याळ बघितलं, माझ्याकडे बघून हात जोडले आणि गेला. दहा मिनिटं झाली असतील.

परतीच्या गाडीत नाना फक्त नाडी सोडत होते, बांधत होते. मला धीर होत नव्हता, पण काकू डोळ्यांसमोर होत्या. "नाना, सगळ्यांच्या सह्या झाल्या. आज तिकिटं काढा."

"छपराचा मुद्दा राहिलाय. होडीला छप्पर असतं का?"

"असतं."

"बघावं लागेल. मंदारचंही मत घ्यावं लागेल."

"नाना!"

त्यांनी खिडकीबाहेर पाहिलं. "तिकिटं काढली की फाईल बंद होते, वहिनी. मग नोएडाला मी कोणत्या कामाने जायचं?"

"मुलाकडे जायला काम कशाला लागतं?"

"एकदा सहज गेलो होतो. मीटिंगमध्ये होता. तासभर गेटवर उभा राहिलो आणि परत आलो. त्याची चूक नाही. कामाने गेलं की मात्र दहा मिनिटं तरी खाली येतो."

मी त्यांच्या खिशातलं पेन मागून घेतलं, फाईल मांडीवर ओढली आणि मंदारच्या सहीखाली लिहिलं. गाडी हलत होती, अक्षरं वाकडी आली. 'तिकिटे आजच काढावीत. जाऊन आल्यावर प्रवासाचा अहवाल लागेल. तो मंदारने वाचून सही करावी.'

नाना वाचत राहिले.

"अहवाल एकदम देत नसतात," ते हळूच म्हणाले. "भाग पाडावे लागतात."

"पाडा की. एकेक भाग घेऊन जात जा."

"पुरवण्याही असतात."

"असू देत."

त्यांनी नाडी घट्ट बांधली. मंडी हाऊस आलं होतं. करोल बागेला अजून पाच स्टेशनं होती, पण नाना उठले आणि दाराशी जाऊन उभे राहिले.