साळवेकाका आणि बाहेरगावचे उस्ताद

साळवेकाका गाडीचा गियर बदलला की रस्त्यावरच्या लोकांची माफी मागायचे. आधी गाडीतून 'खडाक्' असा आवाज यायचा आणि त्याच्या मागोमाग काकांचा, "माफी!" समोर कुणी असो वा नसो. आमची पुंडलिकनगरातली गल्ली लहान, पण तेवढ्यात दोन स्पीड ब्रेकर आहेत. काका सकाळी दुधाला निघाले की चार खडाक् आणि चार माफी नक्की. माझा नवरा सुधीर अंथरुणातूनच म्हणायचा, "केलं माफ."

गाडी म्हणजे जुनी, लहानशी दुचाकी, बिनक्लचची. म्हणजे हाताशी क्लचची दांडी नाही, पण पायाशी गियर चार. पायाने गियर दाबला की क्लच आतल्या आत आपोआप सुटतो. अशा गाड्या आता फारशा दिसत नाहीत. काकांना मात्र हीच लागते, कारण त्यांच्या डाव्या हाताला अंगठा आणि करंगळी एवढीच आहे. मधली तीन बोटं नाहीत.

ती कुठं गेली, हे विचारलं की प्रत्येकाला वेगळं उत्तर. गल्लीतल्या पोरांना सांगायचे, "जायकवाडीत हात धुवाया गेलो, मगर घेऊन गेली." एकदा विम्याचा एजंट घरी आला, त्याला म्हणाले, "लई लोकांकडं बोट दाखवलं आयुष्यात. झिजली." मला खरं ठाऊक होतं, कारण सुधीरने त्याच्या कारखान्यातल्या जुन्या लोकांकडून ऐकलं होतं. काका प्रेस मशिनवर होते, बोटं त्या मशिनीत गेली. पण खरं ठाऊक असूनही काकांसमोर आम्ही मगरीच्याच बाजूने असायचो.

"काका, बिनगियरची स्कूटर घ्या की," असं सगळेच सांगत.

"ती काय गाडी हाय व्हय? पाळणा हाय तो. बसायचं आन झुलायचं."

गल्लीतला कुणाचा मिक्सर, कुणाचं फाटक, कुणाची पाण्याची मोटार, सगळं काका दुरुस्त करायचे. स्क्रू ओठात, पाना गुडघ्याखाली, वायर काखेत. आपण मदतीला हात पुढं केला की ओरडायचे, "हात लावू नका!" आणि मग मोटारीला उद्देशून, "मशिनीला इज्जत लागती." आमच्या मिक्सरलाही ते अहोजाहो करायचे. "यांना जरा दमानं चालवत जा मॅडम, वय झालंय त्यांचं." मी शाळेत शिकवते, म्हणून गल्लीला मी मॅडम.

शांताकाकू, म्हणजे काकांच्या पत्नी, लेकीच्या बाळंतपणासाठी नाशिकला गेल्या. जाताना म्हणाल्या होत्या, दोन-अडीच महिने. त्याला आता आठ महिने होत आले होते. बाळ लहान, लेकीची नोकरी, निघणं होईना. काका कुणी विचारलं की सांगत, "लई निवांत हाय मी. टीव्हीचा रिमोट माझ्याकडं."

त्यातच कधीतरी गाडीला हा खडाक् सुरू झाला. काकांनी इंजिन ऑइल बदललं. चेन ताणून बघितली. रेस कमी केली. आवाज तिथंच. शेवटी मनावर दगड ठेवून गाडी चौकातल्या गॅरेजवाल्याकडे नेली. तो गाडीकडे न बघताच म्हणाला, "चाचा, भंगार में दे दो." काका गाडी हाताने ढकलत परत आले. किकसुद्धा मारली नाही.

"काय झालं काका?"

"तिच्या तोंडावर इज्जत काढली त्यानं. परत त्या दारात जायचं नाय."

"मग आता?"

"आमचे एक उस्ताद हायेत. बाहेरगावी असतेत. त्यांचा सल्ला चालूय."

हा सल्ला मी रोज गच्चीवरून बघायची. संध्याकाळी सातला काका गाडी मेन स्टँडवर लावत, चालू करत, फोन इंजिनापाशी धरत आणि पायाने गियर दाबत. खडाक्! "आयकलं का? आज जास्त वाटतोय का कालच्यापेक्षा?" मग फोन कानाला. मग बराच वेळ नुसतं "हं... हं... बरं." मग पुन्हा खडाक्. मला त्या उस्तादांचं कौतुक वाटायचं. एवढा सहनशील मेकॅनिक आपल्या शहरात असता तर!

मग एक दिवस काका पडले. गजानन महाराज मंदिराच्या चौकात सिग्नलला गाडी हळू करताना त्यांनी दुसऱ्यावरून पहिला टाकला, गाडीने हिसका देऊन उडी घेतली आणि काका गाडीसकट भाजीच्या हातगाडीला जाऊन टेकले. मागून बस येत होती. ती थांबली, म्हणून गुडघ्यावर निभावलं. सुधीर त्यांना रिक्षातून घेऊन आला. रिक्षातून उतरता उतरता काका माझ्याकडे न बघता सांगत होते, "गाडीची चूक नाय. चूक माझी हाय."

सुधीर त्या दिवशी पहिल्यांदाच त्यांच्यावर चिडला. "काका, पुरे आता. गाडी विका. नाहीतर मी काकूंना फोन करून सांगतो."

दोन दिवस गाडी चादरीखाली झाकून उभी. काका दुधाला चालत जायचे, लंगडत. गल्लीत सकाळी शांतता. सुधीर अंथरुणात जागा असायचा, पण माफ करायला कुणी नव्हतं.

तिसऱ्या दिवशी रविवार होता. नळाला पाणी यायचा दिवस, मी बादल्यांच्या गडबडीत. काका दारात येऊन उभे राहिले. दाढी केलेली, इस्त्रीचा शर्ट.

"मॅडम, तुमचा हात पायजे."

सुधीरने पेपर खाली केला.

"म्हणजे, थोडा वेळ," काका घाईने म्हणाले. "गाडीला."

"मी येतो ना काका," सुधीर उठला.

"तुमचा नको. तुम्ही ताकद लावता."

काम असं होतं. इंजिनाच्या उजव्या अंगाला एक छोटं झाकण. ते काढलं की आत एक नट, आणि नटाच्या पोटात स्क्रू. क्लच किती सुटायचा, हे तो स्क्रू ठरवतो. स्क्रू पेचकसाने जागच्या जागी धरून ठेवायचा आणि त्याच वेळी पान्याने नट आवळायचा. एक हात स्क्रूवर, एक पान्यावर. स्क्रू केसभर हलला तर सगळं मुसळ केरात. अंगठा आणि करंगळीत पेचकस ठरत नाही. एवढे दिवस काकांनी ओठ, गुडघा, काख सगळं वापरून बघितलं होतं.

"थांबा, उस्तादांना लावतो," काका म्हणाले. त्यांनी फोन पेट्रोलच्या डब्याला टेकवून उभा केला. पडद्यावर 'उस्ताद' असं नाव आलं. मग चेहरा आला. मांडीवर बाळ, कपाळावर चष्मा. शांताकाकू.

मी पेचकस हातात धरून बघतच राहिले.

"मॅडम हायेत व्हय? बरं झालं बाई. म्या कवापासनं सांगतीय, मॅडमला बोलवा, मॅडमला बोलवा. आयकतच नाय हे माणूस."

"काकू, अहो परवा ते पडले ना, म्हणून..." माझ्या तोंडून गेलं.

काकूंनी कपाळावरचा चष्मा डोळ्यांवर घेतला.

"कोण पडलं?"

काकांनी माझ्याकडे असं बघितलं की जणू मी पेपर फोडला होता. "जरासं. बसल्या जागी."

"गाडीवर माणूस बसल्या जागी कसं पडतं वो?"

"तू आधी स्क्रूचं सांग," काका पुटपुटले.

काकूंनी बाळाला खांद्यावर घेतलं आणि आवाज बदलला. "मॅडम, नट सैल झालाय का? आता पेचकस उजवीकडं, एक पूर्ण फेरा. झालं? आता डावीकडं, लई हळू. दुधात बोट घालतो ना तसं. अडल्यावाणी वाटलं की थांबा."

"अडलं."

"नक्की? का भ्यायलात म्हणून थांबलात?"

मी आणखी किंचित फिरवलं. मग खरंच अडलं.

"आता परत उजवीकडं. घड्याळात बारावरनं दीड वाजेपर्यंत. दोन नाय, दीड. बास. आता तिथंच धरा. हलू नका. आवळा वो तुम्ही."

काकांनी उजव्या हाताने पाना लावला. पलीकडे नळाची बादली भरून वाहत होती आणि सुधीर ती उचलायचं सोडून आमच्याकडे बघत होता. नट बसला. काकांनी पाना काढला, झाकण लावलं, किक मारली आणि गाडी घेऊन गल्लीबाहेर गेले.

फोन माझ्याजवळच राहिला. "तुम्हाला हे कसं येतं, काकू?"

"यांचा हात गेला ना, मॅडम, तवा वर्षभर हे पान्याला शिवले नायत. कुणी मदतीला आलं की उठून आत जायचे. मग एक दिवस म्याच पेचकस धरला. म्हणलं, तुम्ही सांगा, म्या करते. आधी ते सांगायचे, मंग म्याच सांगाया लागले." त्या हसल्या. "पण बाहेर कुणाला बोलायचं नाय, असं ठरलंय आमचं."

"आणि हा रोजचा आवाज ऐकवणं?"

"काय बिघडलंय ते म्या पयल्याच दिवशी सांगितलं होतं. तरी रोज सातला फोन. म्या बी आयकते."

काका परत आले, तेव्हा ते वळणावर दिसेपर्यंत मला कळलंच नाही. स्पीड ब्रेकर आला, गियर पडला, गाडी तशीच पुढं. आवाज नाही. सुधीरने टाळीच वाजवली. काका गाडीवरून उतरले, सीटवर हात फिरवला आणि फोन घेतला.

"गेला बघ."

"पूर्ण?"

"पूर्ण. लोण्यावाणी पडतोय गियर."

"बरं झालं. जीव भांड्यात पडला माझा. आता सांभाळून चालवा."

"व्हय." मग काका माझ्याकडे पाठ करून, फोन तोंडाशी नेऊन हळूच म्हणाले, "मग आता उद्या काय म्हणून फोन करू?"

"काय म्हणून म्हंजी? नुसता करा की."

मी पेचकस पुसून पायरीवर ठेवला आणि घरात आले.

दुसऱ्या दिवशी सातला मी गच्चीवर वाळलेले कपडे काढत होते. गाडी अंगणात मुकाट उभी होती. काका पायरीवर बसले होते, फोन कानाला. दोन-तीनदा घसा साफ केला. विषय काही सापडेना.

"हां. मीच." त्यांनी पाय लांब करून गुडघा चोळला. "नाय, गाडी मस्त हाय... गुडघा बी बरा हाय... काय नाय गं. नुसता केला."