लिंबामामा आणि माझ्या टेबलाची काच

आमच्या घरात टेबल नव्हतं. वडील सालगडी, आई रोजानं जाणारी, आणि फर्निचर म्हणाल तर एक पत्र्याची पेटी. दहावीपर्यंत मी त्या पेटीवर वही ठेवून लिहिलं. आईला लुगडं काढायचं असलं की ती म्हणायची, "नव्या, जरा तुझा अभ्यास उचल." मी अभ्यास उचलायचो, पेटी उघडायची, मिटायची, अभ्यास परत खाली.

पुढं मी बी.ए. झालो. आईकडच्या आणि वडलांकडच्या, दोन्ही घराण्यांत पहिला. हे मी कुणी विचारलं नाही तरी सांगतो. त्यात लाजण्यासारखं काही नाही. भूममधल्या एका कॉलेजच्या ऑफिसात क्लार्क म्हणून लागलो आणि मला टेबल मिळालं. तेही वर जाड काच असलेलं. काचेखाली मी पदवीच्या सर्टिफिकेटची झेरॉक्स सारली, रोज सकाळी रुमालानं काच पुसायला लागलो, आणि पहिल्याच महिन्यात त्या काचेवर लिंबामामांनी ऑइलनं माखलेला हातभर लोखंडी पाइप आणून ठेवला.

लिंबराजमामा म्हणजे आईचे थोरले भाऊ. बसस्थानकामागं पत्र्याच्या शेडात त्यांचं गॅरेज आहे, आणि काम एकच: जुन्या मोटारसायकलींचं पुढचं शॉकअप. पुढच्या चाकाला दोन्ही बाजूंनी धरणारे ते दोन पाइप. इंजिनाची तक्रार घेऊन कुणी आलं तर मामा म्हणतात, "ते पोटाचं दुखणं. आपुन गुडघ्याचे डाक्टर."

पाइप वाकलेला दिसला की त्यांचा पहिला प्रश्न, "म्हैस का दगड?" त्यांच्या मते मोटारसायकलवाला धडकतो तो या दोहोंलाच. दगड असला तर एक पाइप वाकतो, म्हैस असली तर दोन्ही. एकदा उमरग्याहून सासरवाडीला आलेला एक जावई गाडी ढकलत आला. म्हणाला, खड्डा होता. मामांनी दोन्ही पाइपांवरून अंगठा फिरवला.

"म्हैस."

"अहो, खड्डाच होता."

"म्हैस. आन उभी न्हाय, बसल्याली."

जावयानं मागं वळून बघितलं. मग म्हणाला, "सासऱ्यांना तेवढं बोलू नका. म्हैस त्यांचीच हाय."

पाइपाला चुणी पडली असली तर मामा तो सरळ भंगारात टाकतात. नुसता वाकला असला तर प्रेसमध्ये लाकडी ठोकळ्यांत धरून थोडा थोडा सरळ करत आणतात, कारण त्या जुन्या गाड्यांचे पाइप आता मिळत नाहीत. आणि तो खरंच सरळ झाला का, हे बघायला काच लागते. काचेवर पाइप लोटायचा. सरळ असला तर गुमान घरंगळतो. वाकडा असला तर लंगडतो, आणि खालून उजेड दिसतो. "डोळा फसतो, काच फसत न्हाय," हे मामांचं पालुपद. माझ्या बहिणीला स्थळ आलं तेव्हा सगळ्या पाहुण्यांनी मुलाची माहिती काढून आणली. मामा एवढंच म्हणाले, "काचंवर लोटून बघता आलं असतं तर बरं झालं असतं."

तर दर बाजाराच्या दिवशी अकराच्या सुमाराला मामा ऑफिसात यायचे. खांद्यावर पाइप, मागं गाडीचा मालक. घरी मी नव्या, इथं मात्र "नवनाथराव, जरा फायली उचला." मी उचलायचो. पाइप काचेवरून घरंगळायचा, मालक वाकून बघायचा, आणि बघता बघता काचेखालचं सर्टिफिकेट मोठ्यानं वाचायचा. मामांना वाचता येत नाही. "व्हय का? आसं लिवलंय?" ते दर वेळी नव्यानं विचारायचे.

"मामा, दुसरीकडं कुठं काच बघा की," मी म्हणायचो.

"ह्या बालाघाटात सपाट अशी एकच जागा हाय, नवनाथराव. ती तुमच्याकडं. डोंगराला काय म्हणावं?"

मग नव्या प्राचार्य मॅडम आल्या. बाहेरगावच्या, शिस्तीच्या. पहिल्याच बाजाराच्या दिवशी त्या ऑफिसात डोकावल्या तेव्हा माझ्या टेबलावर पाइप होता, फायली खुर्चीवर होत्या आणि मी भिंतीला उभा होतो. शेजारी, भूमजवळच्या वाशी तालुक्यातले एक आबा, आपल्या तीस वर्षांच्या गाडीचा पाइप बघायला आलेले.

"हे कोण?" मॅडमनी विचारलं.

मी म्हणालो, "गावातले मेकॅनिक आहेत, मॅडम. मी नको म्हणत होतो."

मामांनी माझ्याकडं बघितलं नाही. "चूक माझी हाय, मॅडम. सायबाचा दोष न्हाय." खांद्यावरच्या टॉवेलनं त्यांनी काच पुसली, कोपऱ्यात राहिलं होतं तेही पुसलं, आणि पाइप घेऊन गेले.

मी खोटं बोललो नव्हतो. ते मेकॅनिकच आहेत. पण अकरावीला मला या गावात आणून कॉलेजात घातलं ते त्यांनी, आणि पाच वर्षं मी मामीच्या हातचं जेवलो. ते मी गिळलं.

पुढच्या बाजाराला मामा आले नाहीत. त्याच्या पुढच्यालाही नाहीत. काच इतकी स्वच्छ राहिली की मला तिच्यावर हात ठेवून लिहवेना. तिसऱ्या बाजाराला जेवणाच्या सुट्टीत मी शेडवर गेलो.

दारात आबा बसले होते, तापलेले. "आलास का? बरं झालं. तुझ्या मामाला काय तरी सांग. तीन आठवडं मी एस्टीनं हिंडतोय. पाइप सरळ झालाय, पर बसवत न्हाय. ऑफिसात बघितल्याबगर गाडी देत न्हाय म्हणतोय, आन ऑफिसात बी जात न्हाय. माणसानं करावं काय?"

"पण सरळ झाला हे कळलं कसं?"

"कसं म्हंजी? ही काय काच."

कोपऱ्यात लाकडी चौकटीवर काच होती. माझ्या काचेपेक्षा लांब, बोटभर जाड, कडा झिजून गुळगुळीत झालेल्या. एरवी तिच्यावर पोतं असायचं. मी ते बाकडं समजून कैकदा त्यावर चहाचा कप ठेवला होता.

"मामा, ही कधीची?"

मामा पाना पुसत राहिले. "हाय जुनी."

"तुझ्या नोकरीच्या आधीची," आबा म्हणाले. "आन ही असताना मला भर बाजारातनं चालवत नेलं. वाटंनं म्हणत होता, पाइपाचं निमित्त हाय आबा, आमचा भाचा खुर्चीत कसा बसतो ते दावतो. गेलो तर तू भिंतीला उभा."

"आबा, गप बसा," मामा म्हणाले. "तेला कामं असत्यात."

भिंतीला टेकवलेला पाइप मी उचलला आणि खांद्यावर घेतला.

"आरं, शर्ट खराब व्हईल."

"होऊ द्या. चला."

बाजार भरात होता. पुढं मी, मागं मामा, त्यांच्या मागं कुरकुरत आबा. मॅडम ऑफिसातच होत्या. मी म्हणालो, "मॅडम, त्या दिवशी मी पूर्ण सांगितलं नाही. हे माझे सख्खे मामा. मला शिकवलं ते यांनी."

मॅडमनी माझ्या शर्टाकडं बघितलं, मग मामांकडं. "मग ते उभे का आहेत?"

खुर्ची एकच होती, माझी. मामा नको नको म्हणत तिच्या कडेवर टेकले, ती मोडेल की काय अशा बेतानं. मी फायली उचलल्या आणि पाइप लोटला. तो या कडेपासून त्या कडेपर्यंत सरळ गेला.

दुपारी तीनला तो गाडीला बसला, आणि आबा एस्टीची वाट न बघता आपल्या गाडीवर घरी गेले.