मनाचं वाजवण्याबाबत

उत्स्फूर्तपणा हा मुलांच्या सर्वांगीण विकासासाठी अत्यंत आवश्यक असतो, आणि म्हणूनच तो मुलांवर सोपवून चालत नाही. त्याला जबाबदार माणसं लागतात. गाझियाबादच्या एका नामांकित शाळेचं भाग्य थोर, तिला श्रीरंग बोकील लाभले.

श्रीरंगराव केंद्र सरकारच्या एका मंत्रालयात अवर सचिव होते. (कोणत्या, ते महत्त्वाचं नाही, फायली सगळीकडे सारख्याच वर जातात आणि सारख्याच खाली येतात.) शाळेने जॅझ बँड काढायचं ठरवलं तेव्हा पालक प्रतिनिधी म्हणून समितीवर त्यांनाच घेतलं, कारण त्यांना मसुदा करता येत होता आणि जॅझमधलं काही कळत नव्हतं. निःपक्षपातीपणाची आयतीच सोय झाली.

जॅझच का, असला क्षुद्र प्रश्न कोणी विचारला नाही. रस्त्यापलीकडच्या शाळेने घोडे आणले होते. त्यांच्या माहितीपत्रकावर घोडा आणि आपल्यावर नुसतीच मुलं, हे किती दिवस चालवून घ्यायचं? करोल बागेतून सोनेरी कडांचे काळे वेस्टकोट आले, बो-टाय आले, हॅट आल्या, फोटो निघाला. वाद्यं त्यानंतर तीन महिन्यांनी आली. तोवर एकशे बारा टक्के पालक समाधानी असल्याचं पाहणीत दिसून आलं होतं. (काहींनी समाधान दोनदा कळवलं.)

अडचण पुढेच होती. संगीत शिक्षक गौरव सरांनी पहिल्याच बैठकीत सांगून टाकलं, की जॅझमध्ये धून ठरलेली असते, पण मध्येच एकेका वादकाने उभं राहून आपल्या मनाचं वाजवायचं असतं. काय वाजणार, ते त्यालाही आधी माहीत नसतं.

समितीने चहाचे कप खाली ठेवले.

"मन का मतलब? किसके मन का?" मुख्याध्यापिका मीनाक्षी मॅडमनी विचारलं.

"बच्चे के, मॅडम."

मॅडमनी श्रीरंगरावांकडे पाहिलं. अशा बाक्या प्रसंगी देशाने नेहमीच अवर सचिवांकडे पाहिलेलं आहे. दोन दिवसांत परिपत्रक तयार झालं. मुलांनी मनाचं जरूर वाजवावं. मात्र मनात काय येणार आहे, ते पंधरा दिवस आधी लेखी कळवावं. मंजुरीनंतर मनात बदल झाल्यास तो पुढील सत्रासाठी ग्राह्य धरला जाईल. दोन मुलांच्या मनात एकच गोष्ट आल्यास ज्येष्ठतेनुसार निर्णय होईल.

परिपत्रकाचं फार कौतुक झालं. दिल्लीच्या मुनिरक्यात राहून स्पर्धा परीक्षेला तीनदा बसलेल्या आणि त्यामुळे अनुभवी झालेल्या निखिल नावाच्या लातूरच्या तरुणाने तर 'उत्स्फूर्त वादन : खात्रीशीर तयारी' असा ऑनलाइन क्लासच काढला. सराव चाचण्या होत्या. चुकीच्या उत्स्फूर्ततेला उणे गुण होते.

सगळी मुलं सुतासारखी सरळ आली. एक सोडून. आणि ती नेमकी श्रीरंगरावांचीच निघावी! आपलेच दात, आपलेच ओठ.

नववीतली मैत्रेयी सॅक्सोफोन वाजवायची. मनाचा मसुदा तिने वेळेवर दिला, तो मंजूरही झाला. पण तालमीला उभी राहिली, की ही बया भलतंच वाजवायची, आणि दुसऱ्या दिवशी त्याहून भलतं. समितीने दोनदा ताकीद दिली. तिसऱ्यांदा असं घडल्यास तिचं एकल वादन काढून तिला झांजा देण्यात येतील, असा ठराव झाला. ठरावाखाली बाबांची सही होती.

"बाबा, यार, तू एकदा ऐक तरी," ती जेवताना म्हणाली. "फक्त एकदा. मग दे झांजा."

"ऐकणारच आहे. वार्षिक संमेलनात. पहिल्या रांगेत बसून."

"तिथे मी मंजूरवालं वाजवणार. मला माझं ऐकवायचंय तुला."

"अहो, ऐका ना पोरीचं," तिची आई अलकाताई म्हणाल्या. "पाच मिनिटं तर लागतील."

"घरी ऐकलं तर पक्षपात होईल," श्रीरंगराव म्हणाले, आणि त्यांनी आमटी वाढून घेतली. माणूस तत्त्वाचा.

पोरीचा चेहरा एवढासा झाला. त्यानंतर घरात सॅक्सोफोनची पेटी उघडली नाही. श्रीरंगरावांनी याची 'वर्तनात सुधारणा' अशी नोंद घेतली.

संमेलनाचे प्रमुख पाहुणे दिल्लीहून यायचे होते, म्हणजे उशिरा यायचे होते. पाऊण तास झाला तरी पत्ता नाही. मांडवात चुळबुळ सुरू झाली तशा मॅडम बँडजवळ येऊन म्हणाल्या, "कुछ बजाते रहो, गेस्ट आने तक." यात नियमभंग नव्हता. पाहुणे येईपर्यंत कार्यक्रम सुरू झालेला नसतो, त्यामुळे त्या काळात जे वाजतं ते वाजलेलं नसतं.

बँडने मंजूर सूर वाजवून संपवले. पुन्हा वाजवले. तिसऱ्यांदा वाजवताना मुलांनाच कंटाळा आला. गौरव सरांनी मैत्रेयीकडे पाहून नुसती मान हलवली, आणि ती उभी राहिली.

मांडवात सातशे पालक होते. ज्यांचं मूल स्टेजवर नव्हतं, ते फोन बघत होते. ज्यांचं होतं, ते फोनची बॅटरी वाचवत होते.

श्रीरंगराव पहिल्या रांगेत नव्हतेच. स्वागतासाठी त्यांना गुच्छ देऊन फाटकाशी उभं केलं होतं. जनरेटरच्या घरघरीतून त्यांच्या कानावर एक सूर आला. तो घाबरत घाबरत निघाला, मध्येच अडखळला, आता मागे फिरणार असं वाटेतोवर हसत हसत वर चढून गेला. श्रीरंगरावांचा पाय ठेका धरू लागला. (त्यांनी थंडीला दोष दिला.) अवर सचिव झाल्यापासून इतका विनाकारण आनंद त्यांना कधी झाला नव्हता. हे संपू नये, असं त्यांना अगदी मनापासून वाटलं. तेवढ्यात पाहुण्यांची गाडी आली.

पाहुण्यांसमोर मैत्रेयीने मंजूर वाजवलं, तंतोतंत. श्रीरंगरावांनी पहिल्या रांगेतून सगळं फोनवर टिपलं.

"शाबास!" परतताना गाडी सिग्नलला थांबली तेव्हा ते म्हणाले. "एक सूर इकडचा तिकडे नाही. झांजा टळल्या. पण खरं सांगू? पाहुणे यायच्या आधी तुमच्या सरांनी कुठली तरी परदेशी रेकॉर्ड लावली होती. काय वाजवलंय गं त्या माणसाने! माझ्या डोळ्यांत पाणी आलं. मी ती मागवून घेतो. पुढच्या वर्षी तुम्हा सगळ्यांकडून तीच घोटून घेऊ."

मैत्रेयी त्यांच्याकडे वळली.

"बाबा, ती मी होते."

श्रीरंगराव खो खो हसले. तिच्या डोक्यावर मायेने टपली मारून म्हणाले, "नाही गं बेटा. ते फार चांगलं होतं."

रेकॉर्डचा शोध अजून चालू आहे. त्यासाठी नेमलेल्या उपसमितीवर मैत्रेयीला विद्यार्थी प्रतिनिधी म्हणून घेतलं आहे.

तुम्हाला श्रीरंगरावांचा राग आला असेल. साहजिक आहे, तुमच्या घरी असं होत नाही. फक्त मघाशी, ही गोष्ट वाचायला घेतलीत तेव्हा, आतल्या खोलीत कोणीतरी काहीतरी वाजवत होतं, गुणगुणत होतं, आणि तुम्ही ओरडलात, "गप्प बसा रे जरा, वाचू द्या!" तेव्हापासून आत काही आवाज नाही. बघा, कसं निवांत वाचून झालं.