एडनच्या बंदरात न उतरलेली गाय

माणसाचा जन्म कोणत्या देशात व्हावा हे आपल्याकडे राजांनी, लढायांनी किंवा तहांनी कधीच ठरवलेले नाही. ते बाईचे माहेर ठरवते. सातवा महिना लागला की लेकीला आणायला माणूस जातो, आणि मूल मग ज्या गावात आजीची न्हाणी असेल त्या गावचे होते. ही व्यवस्था इतकी जुनी आणि निर्दोष आहे की जगातल्या कोणत्याही सरकारने तिची दखल घेतलेली नाही. डोंबिवलीच्या श्रीपाद खोपकरचे जे झाले ते एवढ्यामुळेच झाले.

साल एकोणीसशे पंचावन्न. श्रीपाद सव्वीस वर्षांचा, ठाण्याच्या एका कचेरीत दप्तराच्या खोलीत कारकून. त्या सुमारास एडनला तेलाचा मोठा कारखाना नव्याने उभा राहिला होता आणि तिथे कारकून हवे होते. ओळखीने श्रीपादला जागा मिळाली. अट एकच: पुढच्या चैत्राच्या आत एडनला राहण्याचा हक्क आपल्याला आहे, हे त्याने सिद्ध करावे. कळव्याच्या चित्राशी त्याचे लग्न ठरत होते; तिच्या वडिलांनी लग्नाची तिथीही 'एडनचे नक्की झाल्यावर' अशी धरली होती. ही तिथी कोणत्याच पंचांगात नव्हती.

नियम साधा होता. जो एडनला जन्मला त्याला तिथे राहण्याचा हक्क. ज्याचा बाप एडनला जन्मला त्यालाही. आई तिथे जन्मली असेल तर त्याचा विचार होणार नाही. (बाप कोण हे सांगण्यापुरती आई लागतेच, पण तेवढे काम झाले की नियम तिला मोकळी करतो.)

श्रीपादला हा नियम वाचून भरून आले, कारण त्याचे आजोबा गोपीनाथ एडनच्या बंदरखात्यात अठरा वर्षे लेखनिक होते. तेव्हा एडनचा कारभार मुंबईहून चाले, आणि जशी एखाद्याची बदली धारवाडला होई तशी ती एडनला होई. आजोबा तिथे, आजी बायजाबाई तिथे, संसार तिथे. वडील विश्राम, म्हणजे अप्पा, तेवढे कल्याणला जन्मले होते. अडचण एवढीच होती.

बायजाबाईंचे माहेर कल्याणचे. त्यांची एकूण चार बाळंतपणे झाली. प्रत्येक खेपेला सातव्या महिन्यात त्या आठवड्याचा बोटप्रवास करून माहेरी येत, बाळंत होत, आणि मूल मान धरू लागले की परत जात. तिघे असे कल्याणला जन्मले. अप्पांखेरीज दोघे लहानपणीच गेले. (चौथ्या खेपेला बोट गाठायच्या आतच सुमतीआत्या जन्मल्या, एडनलाच. तिथल्या सरकारी दवाखान्याचा शिक्क्याचा दाखला त्यांच्या ट्रंकेत होता. घाई करायची त्यांची खोड तेव्हापासूनची, असे घरात म्हणत. त्या फार लवकर विधवा झाल्या, भावाकडे मागच्या खोलीत राहात, आणि ठाण्याला मुलींच्या शाळेत शिकवीत.)

दप्तराच्या खोलीत सहा वर्षे काढलेल्या माणसाला एक गोष्ट कळते: ज्याची नोंद नाही ते घडलेले नाही. श्रीपादने कल्याणची जुनी जन्मनोंद शोधवली. त्या सालाची पाने वाळवीने खाल्ली होती. घरी येऊन त्याने पेढे वाटले. अप्पा कल्याणला जन्मल्याचा पुरावा नव्हता, म्हणजे ते कुठेही जन्मायला मोकळे होते. खुद्द अप्पांना विचारले तर ते म्हणाले, "मला काही आठवत नाही बुवा." हे म्हणणे कायद्याच्या दृष्टीने बिनतोड होते.

श्रीपादने एक सोला हॅट आणली. एडनचे ऊन कडक असते असे ऐकून, सवय व्हावी म्हणून, जेवणाची वेळ सोडून तो ती घरातही डोक्यावर ठेवी. एडन अजून इंग्रजांकडे होते, म्हणून त्यांच्या मुंबईच्या कचेरीकडे अर्ज गेला. (अर्ज लिहिला आत्यांनी, अक्षर त्यांचे चांगले म्हणून. सोबत त्यांचाच दाखला नमुना म्हणून जोडला, एडनचा खरा दाखला कसा दिसतो ते कचेरीला कळावे म्हणून.) कचेरीने उलट टपाली कळवले की अप्पांच्या जन्माच्या वेळी हयात असलेल्या, माहितगार अशा नातेवाइकाचे शपथपत्र पाठवावे.

असे माणूस जगात एकच उरले होते. कल्याणच्या पारनाक्याजवळ राहणाऱ्या रंगूबाई, बायजाबाईंच्या भावजय. अप्पा जन्मले तेव्हा त्या चौदा वर्षांच्या नव्या सून होत्या आणि बाळंतिणीचे पाणी त्यांनीच तापवले होते. आता सहासष्ट वर्षांच्या होत्या आणि त्यांना सगळे आठवत होते, हाच काय तो धोका होता.

श्रीपाद गेला तेव्हा त्या बिरड्यासाठी मोड आलेले वाल सोलत होत्या. त्याने हॅट काढून मसुदा वाचला: 'विश्राम याचा जन्म आमचे घरी झालेला नाही.'

"मग कुठे झाला?" रंगूबाईंनी विचारले.

"एडनला, आजी. नुसता कागदावर."

"म्हणजे पहिलटकरीण लेक समुद्रापलीकडे अडली होती, आणि आम्ही इथे कल्याणात वाल सोलत बसलो होतो?"

"तसं कुठे लिहिलंय?"

"दुसरं काय लिहिलंय? वन्संना आणायला माझे मामंजी स्वतः मुंबईच्या धक्क्यावर गेले होते. बाळंतिणीला दूध यावं म्हणून दोन महिने मुशीच्या माशाचं कालवण मी रांधलंय. मेल्या, तुझ्या बापाच्या बारशाच्या घुगऱ्या मी घरोघर वाटल्यात. आणि आता हाकिमापुढे उभी राहून सांगू, की आम्ही लेकीचं बाळंतपण केलं नाही?"

श्रीपादने त्यांना कायदा समजावला. रंगूबाईंनी त्याला त्यांचा कायदा समजावला. दोन चहा झाले, वाल सोलून संपले, आणि तडजोड निघाली. खोटे बोलायला रंगूबाईंची हरकत नव्हती. माहेराला कमीपणा यायला होती. मूल एडनला जन्मले तर जन्मू दे, पण बाळंतपण कल्याणकरांनीच केले असे कागदावर हवे. ज्या अर्थी बाळंतीण इकडे आली नाही, त्या अर्थी कल्याणकर तिकडे गेले असले पाहिजेत.

एकदा हे मान्य केल्यावर पुढचे ओघानेच आले. शपथपत्राप्रमाणे त्या साली पुढील मंडळी एडनला गेली: मामंजी, सासूबाई, रंगूबाई, दोन दीर आणि गंगुबाई सुईण. पुढील सामान गेले: पाळणा एक, बाज एक, धुरीची शेगडी एक, पाण्याचा बंब एक, अळीव दोन पायली, डिंक आणि खारीक लागेल तशी. श्रीपादने मसुदा गुंडाळायला घेतला तेव्हा रंगूबाई म्हणाल्या, "आणि दूध?"

"तिथे मिळत असेल की."

"उंटिणीचं? बाळंतिणीला?"

अनावश्यक तपशिलाने शपथपत्र नासते हे श्रीपादला ठाऊक होते. त्याने तसे सांगून पाहिले. रंगूबाई म्हणाल्या, गाय असेल तर सही, नाहीतर नाही. सातव्या कलमात गाय घातली: कपिला, दुसऱ्या वेताची. रंगूबाईंनी ठाण्याला जाऊन, पाटल्या घालून, नवे लुगडे नेसून, शपथेवर सही केली. येताना त्या श्रीपादला म्हणाल्या की आता वन्संच्या आत्म्याला बरे वाटेल. (शपथपत्राची स्वच्छ प्रत आत्यांनी काढली. गाईचे कलम लिहिताना टाक खाली ठेवून त्या पाणी प्यायल्या.)

तीन महिन्यांनी उत्तर आले. चैत्र तोंडावर होता. श्रीपादने ते घरात सगळ्यांना मोठ्याने वाचून दाखवले:

'एक. बंदराच्या नोंदी पाहिल्या. सदर साली मुंबईहून एडन बंदरात एकही गाय उतरलेली नाही.

दोन. गाय उतरलेली नसल्याने तिजसोबतची मंडळीही उतरली असे धरता येत नाही.

तीन. सबब श्री. विश्राम यांचा एडन येथील जन्म अमान्य करण्यात येत आहे.'

पत्राला चौथे कलम होते, पण ते विषयाला सोडून असल्याने श्रीपादने वाचले नाही. (नमुन्यादाखल जोडलेला दाखला अस्सल असून, संबंधित बाईंची इच्छा असल्यास त्यांनी स्वतः अर्ज करावा, असे काहीतरी ते होते. आलेली पत्रे फायलीला लावून ठेवायचे काम आत्यांकडे असे.)

अप्पांची स्थिती आता चमत्कारिक झाली. ते कल्याणला जन्मले नाहीत याचे शपथपत्र होते, आणि एडनला जन्मले नाहीत याचे सरकारी पत्र होते. दोन्ही कागद अव्वल होते. अप्पांनी ते शेजारी शेजारी ठेवून वाचले आणि आपण जेवायला बसावे की कसे, अशी आत चौकशी केली.

श्रीपादने आणखी दोन अर्ज केले. गाय वाटेत मेली असावी, असे पहिल्यात म्हटले होते. दुसऱ्यात गाय मागे घेतली होती. चैत्र आला आणि गेला, कारखान्यातली जागा दुसऱ्या कुणाला मिळाली, आणि हॅट खुंटीवर गेली.

त्यानंतर महिन्याभराने, सकाळचा चहा चालू असताना, सुमतीआत्या म्हणाल्या, "शुक्रवारची बोट आहे."

कुणाची, असे अप्पांनी विचारले.

"माझी."

त्यांचा अर्ज एक पानाचा होता. साक्षीदार नव्हता, शपथपत्र नव्हते, आणि गाय नव्हती. एकोणीस दिवसांत उत्तर आले होते. एडनला आपल्या लोकांच्या मुलांची शाळा होती आणि तिला शिक्षिका हवी होती. अप्पा म्हणाले, अगं पण तुझं तिकडे कोण आहे? आत्या म्हणाल्या, मी आहे की.

श्रीपादने बशी खाली ठेवली. मग तो म्हणाला, "पण आत्या, तू कधी बोलली नाहीस."

"तुझेच अर्ज लिहीत होते ना रे. हात मोकळा कुठे होता?" आत्यांनी कपबशी विसळून ठेवली आणि खुंटीकडे पाहिले. "ती टोपी आता तुला लागायची नाही ना? ऊन फार असतं म्हणतात."

काही वाचक म्हणतील की हे त्यांना पहिल्यापासून दिसत होते. असेलही. पण तोवर आत्यांचे नाव जिथे जिथे आले तिथे ते कंसात होते, आणि कंस आला की सगळेच करतात तशी तुम्हीही नजर जरा भरभर पुढे नेलीत, श्रीपादचे काय होते ते बघायला.

(श्रीपादचे चित्राशी लग्न झाले. पहिले बाळंतपण कळव्याला, माहेरी.)